परसातलं लोखंडी खुराडं : 3 स्टार

बेळगावात शहापुरातल्या एका वेल्डिंगवाल्याकडनं 4 बाय 3 फुटाचं खुराडं करून घेतलं, 3 गिरिराजा कोंबड्यांना पुरतंय. फ्रेम दणकट आहे ओ, पण जाळी मारलीय षटकोनी, ती कोंबडी आत ठेवायला ठीक, मुंगूस काय त्यानं थांबत नाही, अर्ध्या इंचाची वेल्डमेश (वेल्ड केलेली चौकोनी जाळी) वेगळी आणून बसवली. रात्री बसायला आडवी काठी पण नव्हती, कोंबडी जमिनीवर झोपतेय वाटलं काय त्याला! ट्रे मात्र एक नंबर, सरकवून काढला की घाण सुकवून थेट नारळाच्या आळ्यात. बेळगावचा जुलैमधला पाऊस तिरका मारतोय, पत्रा पुढं वीतभर जास्त काढायला सांगा. कोंबडा घेऊच नका, अंड्याला लागत नाही, पहाटे शेजारी भांडायला येतात ते वेगळंच.