झोन दाखला आणि भाग नकाशा: न झालेल्या रस्त्यासाठी कितपत पुरतात?

जागा घेण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला (जमीन आराखड्यात कोणत्या वापराची ते सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्याचा त्या जागेपुरता तुकडा) काढायलाच हवा. विकास आराखड्यातला रस्ता आपल्या सर्व्हे नंबरातून जातो का आणि तो 9, 12 की 18 मीटरचा, हे त्यातून कळते. नेमका कुठून जातो हे मात्र कळत नाही, आणि फसगत तिथेच होते.

नकाशा 1:5000 चा असेल तर त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर भरते. म्हणजे एका मोटारीच्या पार्किंगची पूर्ण रुंदी! झेरॉक्समध्ये प्रमाण हलले तर आणखी फरक. शिवाय पुढचे सामासिक अंतर, म्हणजे इमारतीपुढे मोकळी सोडायची जागा, रस्त्याच्या रेषेपासून धरतात, त्यामुळे चूक थेट इमारतीत शिरते. म्हणून आधी भूमी अभिलेखची मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) घ्या, मग तिच्यावर महापालिकेकडून रस्त्याची आखणी करून घ्या. मोबाईलवरच्या नकाशावर आराखडा चढवून पाहणे अंदाजापुरतेच ठीक.

अर्जासोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि मोजणी नकाशा जोडा. हिस्सा नंबर (सर्व्हे नंबराच्या पोटविभागाचा क्रमांक) लिहायचा राहिला की अख्ख्या सर्व्हे नंबराचा ‘भागशः रहिवास, भागशः रस्ता’ असा दाखला हाती येतो. त्याचा उपयोग शून्य.

दोन गोष्टी वेगळ्या विचाराव्याच लागतात. महापालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली आखलेली रस्तारेषा (रस्त्याची ठरवलेली हद्द) आहे का, आणि नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली आराखड्यात फेरबदल चालू आहे का.

‘कलम 127 ची नोटीस दिली, रस्ता गेला’ हे विक्रेत्याचे बोलणे धरू नका. हेही नगररचना कायद्याचेच कलम. अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून 10 वर्षांत संपादन झाले नसेल तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत महापालिकेने पावले उचलली नाहीत तरच आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. राजपत्रातली अधिसूचना मागा. नुसता काळ लोटल्याने रेघ पुसली जात नाही: पुण्याच्या 1987 च्या आराखड्यातला एचसीएमटीआर हा वर्तुळाकार वाहतूक मार्ग तीन दशकांनंतरही कागदावरच होता.

दाखल्याची सर्वात मोठी उणीव म्हणजे ताबा. मधल्या एकाच मिळकतीचा ताबा मिळाला नाही की दोन्हीकडे डांबर आणि मध्ये बांध, अशी गत होते. मालकाने टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) घेऊन जागा दिलेली असूनही सातबारावर त्याचेच नाव राहिले असेल, तर तीच जमीन पुन्हा विकली जाऊ शकते. ताबा पावती आणि विकास हक्क प्रमाणपत्राची (टीडीआर दिल्याच्या दाखल्याची) नोंद त्या सर्व्हे नंबरावर तपासून मगच इसार द्या.