भुसावळचा मे, धुळ्याचा जानेवारी आणि एकच चेहरा: त्वचेसाठी काय निवडावे?

त्वचेसाठी काही विकत घ्यायला गेले की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "स्किन ऑइली आहे की ड्राय?" प्रश्न चुकीचा नाही, पण खान्देशात तो अपुरा पडतो. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना ज्या कपाळावर दुपारपर्यंत तेल तरंगते, त्याच चेहऱ्याचे गाल जानेवारीच्या पहाटे, तापमान १० अंशांच्या खाली उतरले की उलतात. त्यामुळे त्वचेचा प्रकार जितका महत्त्वाचा आहे, तितकेच महत्त्व ऋतूला, घरातल्या पाण्याला आणि आपण दिवसभर करतो त्या कामाला द्यावे, आणि मगच पर्याय समोरासमोर ठेवून निवड करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी त्वचा ओळखणे

सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन टिपून घ्यावा आणि काहीही न लावता तासभर घरात, पंख्याच्या थेट वाऱ्यापासून दूर बसावे. नंतर पातळ टिश्यू पेपर कपाळ, नाक आणि गाल यांवर वेगवेगळा दाबून पाहावा. सगळीकडे तेलाचा डाग उमटला तर त्वचा तेलकट, कुठेच उमटला नाही आणि हसताना गाल ताणल्यासारखे वाटले तर कोरडी, आणि फक्त कपाळ व नाकावर उमटला तर मिश्र समजावी. ही चाचणी मे आणि जानेवारीत अशी दोनदा करावी, कारण उत्तर बदलू शकते.

एका प्रकाराबाबत मात्र हमखास फसगत होते. वर तेल चमकते, पण आतून त्वचा ओढते. ही कोरडी त्वचा नव्हे, तर पाणी कमी झालेली तेलकट त्वचा असते. अशा माणसाला वाटते की तेल जास्त आहे, म्हणून तो दिवसातून पाच वेळा साबण लावतो आणि त्रास वाढवून घेतो. त्याला साबण कमी आणि हलके मॉइश्चरायझर जास्त हवे असते.

काही तक्रारी तर त्वचेच्या प्रकारात बसतच नाहीत. शेतात जाणाऱ्यांच्या पापण्या, मान आणि कोपराच्या घडीत खाज सुटून कातडी जाड होत असेल, तर गाजरगवताची ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी आहे. ते क्रीमने बरे होत नाही. मानेच्या घडीतला मखमलीसारखा काळेपणा मळ नसतो. बऱ्याचदा तो वाढलेल्या वजनाशी आणि शरीरातील इन्शुलिनच्या बिघाडाशी जोडलेला असतो, म्हणून दगडाने घासण्याऐवजी रक्तातील साखर तपासून घ्यावी.

साबण की फेसवॉश? आधी पाणी पाहा

आमच्या घरी बोअरवेलचे पाणी आहे. नळाच्या तोटीभोवती पांढरा थर साचतो आणि स्टीलची बादली आठवड्यात धुरकट होते. मी एकदा दोन स्वच्छ बाटल्या घेतल्या, एकीत बोअरचे आणि दुसरीत आरओचे पाणी भरले, दोन्हींत किसलेल्या साबणाचा सारखाच चिमूटभर कीस टाकून हलवले. आरओच्या बाटलीत वरपर्यंत फेस आला. बोअरच्या बाटलीत पाणी दुधाळ झाले आणि वर राखाडी साय धरली. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून हा चिकट, न विरघळणारा पदार्थ तयार करतात. तोच चेहऱ्यावरही बसतो, आणि म्हणूनच तोंड धुतल्यावर ते खरखरीत वाटते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची, म्हणजे जडपणाची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. घरचे पाणी किती जड आहे हे माहीत नसेल, तर ही बाटलीची परीक्षा निवडीपुरती पुरेशी आहे.

साबणाची दुसरी अडचण त्याच्या क्षारधर्मीपणात आहे. निरोगी त्वचेचा पीएच साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, तर नेहमीच्या साबणाचा ९ ते १० असतो. वेष्टनावर टीएफएमची, म्हणजे साबणातील एकूण स्निग्ध पदार्थांची, टक्केवारी दिलेली असते; ७६ टक्के किंवा अधिक असेल तर तो ग्रेड १ चा साबण, आणि तो अंगाला उत्तम चालतो. चेहऱ्यासाठी मात्र, विशेषतः पाणी जड असेल तर, मी निःसंकोच फेसवॉशच्या बाजूने आहे, कारण त्यातील स्वच्छ करणारे घटक जड पाण्यात तशी साय धरत नाहीत. फेस कमी येणारा, सुगंध नसलेला फेसवॉश घ्यावा. तेलकट त्वचेला दिवसातून दोनदा तो पुरतो. कोरड्या त्वचेच्या माणसाने सकाळी नुसत्या पाण्याने तोंड धुतले तरी चालते. ज्याला फेसवॉशचा खर्च नको असेल, त्याने ग्रेड १ चाच साबण वापरावा, पण शेवटचे दोन तांबे आरओच्या किंवा गाळलेल्या पावसाच्या पाण्याचे घ्यावेत. फरक आठवड्याभरात जाणवतो.

तेल, पेट्रोलियम जेली की मॉइश्चरायझर?

हिवाळ्यात आमच्याकडे खोबरेल किंवा तिळाचे तेल अंगाला चोळण्याची पद्धत आहे, आणि हातापायांसाठी ती उत्तमच आहे. तेल त्वचेतले पाणी उडू देत नाही, पण स्वतः पाणी आणून देत नाही, हे ध्यानात ठेवले की त्याचा उपयोग कळतो: अंघोळीनंतर अंग दमट असतानाच तेल लावावे, कोरड्या अंगावर नव्हे. मुरूम येणाऱ्या चेहऱ्यावर मात्र खोबरेल टाळावे, कारण ते छिद्रे बुजवू शकते.

पेट्रोलियम जेली या तिघांत पाणी अडवण्यात सर्वांत पुढे आणि किमतीत सर्वांत मागे आहे. टाचांच्या भेगा, उललेले ओठ आणि नाकाच्या कडा यांसाठी तिच्या तोडीचे काही नाही. पण मेमध्ये चेहऱ्यावर लावली तर घाम कोंडल्यासारखे वाटते. टाचा फारच फाटल्या असतील तर १० टक्के युरिया असलेले क्रीम घ्यावे. हा युरिया औषधी दर्जाचा असतो. शेतातल्या पोत्यातला युरिया कधीही पायाला लावू नये.

मॉइश्चरायझरमध्ये ग्लिसरीन पाणी धरून ठेवते आणि सेरामाइड हा स्निग्ध घटक त्वचेची भिंत सांधतो. नुसते ग्लिसरीन कोरड्या हवेत पुरेसे काम करत नाही, त्याच्यावर काहीतरी झाकण लागते. म्हणून मार्च ते जूनपर्यंत जेल किंवा लोशन, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी घट्ट क्रीम, अशी दोन वेगळी उत्पादने ठेवणे मला योग्य वाटते. एकच महागडी बाटली बारा महिने वापरण्यापेक्षा दोन साध्या बाटल्यांचा उपयोग अधिक होतो.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर देठे खुडणाऱ्या बायकांच्या हातांचा दाह हा वेगळाच प्रश्न आहे. मिरचीतील जळजळणारा घटक पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून काम संपल्यावर आधी हातांना भरपूर तेल चोळून ते कापडाने पुसावे, मग साबणाने धुवावे आणि शेवटी जेली लावावी. तेल लावण्याआधी हात धुतले, तर दाह पसरतो.

स्कार्फ की सनस्क्रीन?

एसपीएफ हा सनस्क्रीनच्या संरक्षणाचा आकडा. एसपीएफ ३० चे सनस्क्रीन त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते आणि एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के. हा फरक लहान आहे, पण हे आकडे चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावल्यावरचे आहेत, आणि आपण सहसा त्याच्या निम्माही लावत नाही. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांची लांबी भरेल इतके क्रीम घ्यावे लागते आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. वांग आणि काळवंडणे यांना कारणीभूत असलेल्या लांब लहरींच्या अतिनील किरणांसाठी वेष्टनावर पीए असे चिन्ह आणि त्यापुढे तीन-चार अधिक चिन्हे आहेत का, हे पाहावे.

आता ही अट कापूस वेचणाऱ्या बाईला सांगून पाहा. साडीवर पुरुषी शर्ट घालून, डोक्याला रुमाल बांधून सकाळी ८ पासून शेतात असलेली वहिनी कंबरेच्या ओटीत कापूस भरत असताना दर दोन तासांनी हात धुऊन क्रीम लावणार नाही. तिच्यासाठी तो शर्ट, रुमाल आणि कडांची टोपी हेच पहिले संरक्षण आहे. कापड घट्ट विणीचे आणि गडद रंगाचे असावे, कारण विरळ विणीची आणि घामाने भिजलेली पांढरी ओढणी बरेच ऊन आत सोडते. उलट दुचाकीवरून जळगावात नोकरीला जाणारी मुलगी स्कार्फ गुंडाळते, पण डोळ्यांभोवतीचा भाग आणि हातांची बोटे उघडीच राहतात, आणि वांग बरेचदा तिथेच दिसतो. तिने स्कार्फच्या आधी सनस्क्रीन लावावे. तेलकट त्वचेला जेल चांगले, संवेदनशील त्वचेला झिंक ऑक्साइडचे, आणि वांग असेल तर रंग मिसळलेले, कारण त्यातील आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवते.

मुरूम, डाग आणि गोरे करणारे मलम

काळ्या-पांढऱ्या बारीक ठिपक्यांसाठी २ टक्क्यांपर्यंतचे सॅलिसिलिक ॲसिड, लाल पू भरलेल्या मुरुमांसाठी २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड, आणि दोन्ही वारंवार येत असतील तर रात्री अडापॅलीन हे मुरुमांचे औषध, अशी साधारण वाटणी आहे. बेंझॉइल पेरॉक्साइड उशीच्या अभ्र्याचा रंग उडवते, आणि अडापॅलीन गर्भारपणात वापरू नये. यांतले एकच घ्यावे आणि ६ ते ८ आठवडे थांबावे. दर आठवड्याला बदलत राहिले तर काहीच कळत नाही. डागांसाठी नायसिनामाइड सौम्य आहे आणि बहुतेकांना सोसते.

मुलतानी माती तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा चालते, पण पूर्ण तडकेपर्यंत ठेवू नये. लिंबू मात्र चेहऱ्यावर नकोच. त्याचा रस लागलेल्या जागी ऊन पडले, तर भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात.

या सर्वांहून मला अधिक काळजी वाटते ती मेडिकलवर सहज मिळणाऱ्या गोरेपणाच्या मलमांची. माझ्या भाचीला एका दुकानातून चिठ्ठीशिवाय असेच एक मलम मिळाले. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा खरोखर उजळला. चौथ्या महिन्यात ती म्हणाली, "मावशी, उन्हात गेलं की तोंड पेटतं." गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या होत्या आणि मलम एक दिवस चुकवले की पुरळ उठत होते. त्यात स्टेरॉइड होते. अशी मलमे औषध नियमांतील शेड्यूल एच या यादीत येतात आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. वेष्टनावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन ही नावे दिसली तर चेहऱ्याला लावू नये. नायट्यावर लावले तर खाज थांबते, पण नायटा आतून पसरत राहतो.

सुरुवात कशी करावी

पहिला महिना फक्त तीन गोष्टी: फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन किंवा कापड. कोणतेही नवे उत्पादन आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. चौथी वस्तू, म्हणजे मुरुमाचे किंवा डागाचे औषध, दुसऱ्या महिन्यात आणावी आणि तीही एका दिवसाआड. तीन महिन्यांत फरक पडला नाही, किंवा लाली, पुरळ अथवा खाज वाढली, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, तेथेही दाखवता येते. जाताना आतापर्यंत चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूब, अर्ध्या संपलेल्या असल्या तरी, पिशवीत घालून न्याव्यात, कारण डॉक्टर पहिला प्रश्न त्यांच्याबद्दलच विचारतील.