आरसेटीचा दुचाकी दुरुस्ती वर्ग : सुरगाणा-पेठच्या मुलांनी जावं का?

जावं. पण दोन गोष्टी आधी विचारून.

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत म्हणजे आरसेटीत राहणं, जेवण, शिकवणं सगळं मोफत. वय १८ पूर्ण हवं. वर्ग साधारण महिनाभराचा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यापाड्यावर मोटारसायकल पोचली, पण पंक्चरच्या पुढचं काम निघालं की गाडी तालुक्याला न्यावी लागते. म्हणून शिवण किंवा मोबाइलपेक्षा हा वर्ग इथे जास्त चालण्यासारखा.

पहिला प्रश्न : सरावाला इंजिनं किती आणि कोणती? तुकडी तीसेक जणांची. एकाच इंजिनाभोवती सगळे उभे राहिले तर निम्म्यांचे हात कोरडेच राहतात. शिवाय एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष पाळणाऱ्या) गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटर जाऊन सेन्सरवर चालणारं इंधन-इंजेक्शन आलं. तिथे स्कॅनर लावून सेन्सरचा दोष वाचता आला पाहिजे. फक्त कार्ब्युरेटर साफ करायला शिकलेला मुलगा नवी गाडी आली की अडतो.

दुसरा प्रश्न : तुकडी कधी? खरीप उरकलं की ही मुलं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. तेव्हा महिनाभराची रोजंदारी कोण सोडेल? या भागासाठी तुकड्या बागांचा हंगाम टाळूनच लावायला हव्यात. नाहीतर ज्यांच्यासाठी हे आहे तेच बाहेर राहतात.

खरी अडचण प्रमाणपत्रानंतर, बँकेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात २ लाखांचं गॅरेज धरा. ग्रामीण भागातल्या आदिवासी, महिला, दिव्यांग अर्जदाराचा स्वतःचा वाटा ५ टक्के म्हणजे १०,००० रुपये, कर्ज १,९०,०००. अनुदान ३५ टक्के, ७०,००० रुपये. पण ते हातात पडत नाही. तीन वर्षं ठेव म्हणून बँकेतच राहतं. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, म्हणून व्याज १,२०,००० वरच मोजतात. हे न कळल्यामुळे ‘अनुदान आलंच नाही’ म्हणून हप्ते थांबवणारे आहेत, आणि मग खातं थकतं, ठेवही हातची जाते.

फाइल बहुतेकदा अडते ती कॉम्प्रेसर, रॅम्प, पान्यांच्या संचाच्या जीएसटी क्रमांक नसलेल्या कोटेशनमुळे, किंवा जागेचा करार नसल्यामुळे. जागा वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र आधीच करून ठेवा. तरीही अडलंच तर पुन्हा आरसेटीत जा. प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करणं हे त्यांचं कामच आहे, उपकार नाहीत.