सेल्फ मारण्याची घाई न करणारे गॅरेज

वाळवा तालुक्यातील आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये २०१३ च्या गळीत हंगामानंतर उभा करून ठेवलेला टाटा १६१२ ट्रक गेल्या हिवाळ्यात पुन्हा चालू करायचे ठरले, तेव्हा पाहणीसाठी आम्ही दोन गॅरेजवाल्यांना बोलावले. पहिल्याचे म्हणणे असे, की बॅटरी जोडून एकदा सेल्फ मारून बघू, लागली तर लागली. दुसरे मिस्त्री सांगलीचे, वयाने साठीच्या पुढचे. त्यांनी बॅटरी गाडीजवळ आणूच दिली नाही. काम त्यांना दिले आणि हा अभिप्राय त्यांच्याच गॅरेजविषयी आहे.

या ट्रकमध्ये ६९७ इंजिन आहे, म्हणजे सहा सिलेंडर आणि ९७ मिमी बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास. यात इलेक्ट्रॉनिक काही नाही, त्यामुळे ते वर्षानुवर्षे उभे राहूनही पुन्हा चालू शकते. मात्र चुकीच्या पद्धतीने चालू केल्यास ते तासाभरात निकामीही होऊ शकते. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारी सहाही नोझल उतरवली, प्रत्येक सिलेंडरमध्ये इंजिन ऑइल व डिझेल यांचे मिश्रण थोडे थोडे सोडले आणि ते चार दिवसांनी येतो असे सांगून निघून गेले. त्या दिवशी मला ही टाळाटाळ वाटली होती. गाडी उभी राहते तेव्हा एखाद्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह उघडाच राहिलेला असतो, तेथून दमट हवा आत जाते आणि त्या सिलेंडरच्या भिंतीला गंज धरून रिंगा चिकटतात, हे त्यांनी नंतर समजावून सांगितले. पाचव्या दिवशी पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवले, तेव्हा ते पाव फेरा फिरून अडले. जोर न लावता पुढेमागे हलवत दुपारपर्यंत पूर्ण फेरा मिळाला. रॉकर कव्हर काढल्यावर चौथ्या सिलेंडरचा एक व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला सापडला. सेल्फ मारला असता, तर पुश रॉड वाकला असता किंवा पिस्टनच व्हॉल्व्हवर आपटला असता.

खरे कौशल्य मात्र पंपाच्या कामात दिसले. जुने लोक ज्याला अजूनही मायको पंप म्हणतात, त्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या इनलाइन पंपात प्रत्येक सिलेंडरसाठी एक प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दट्ट्या असतो आणि रॅक नावाची एकच सरकती दांडी सर्व प्लंजरचे डिझेल कमीजास्त करते. इंजिन थांबलेले असताना गव्हर्नरच्या, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाच्या, स्प्रिंगा या रॅकला जास्त डिझेलच्या बाजूला ढकलून ठेवतात. जुन्या डिझेलचा चिकटा सुकून रॅक तेथेच धरला, तर इंजिन लागताक्षणी त्याचा वेग आवाक्याबाहेर जातो आणि चावी काढली तरी ते थांबत नाही, कारण डिझेल इंजिनात तोडायला ठिणगीच नसते. आमचा रॅक खरोखरच जाम निघाला. मिस्त्रींनी तो ठोकून मोकळा केला नाही; पंप आणि नोझल दोन्ही कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेलचे माप तपासून जुळवायला, बाहेर पाठवले. बाहेरच्या त्या पंपवाल्याने आठ दिवसांचे काम तेवीस दिवसांवर नेले आणि तपासणीचे आकडेही लिहून दिले नाहीत. या एका बाबतीत गॅरेजने आमच्या वतीने पाठपुरावा करायला हवा होता. फोन आम्हालाच करावे लागले.

टाकी उतरवल्यावर तळाशी पाणी आणि त्यावर काळसर, बुळबुळीत थर होता. अर्धवट भरलेल्या टाकीत दव जमून पाणी साचते आणि डिझेल व पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात. हाच थर फिल्टर वारंवार तुंबवतो. टाकी दोनदा धुतली, रबरी पाइप सरसकट बदलले, एअर फिल्टरमधून उंदराचे अख्खे घरटे निघाले. रेडिएटर, ब्रेकची रबरे आणि ड्रमला चिकटलेले लायनर ही कामे नेहमीसारखी होती आणि ती नीट झाली. टायरच्या नक्षीवर मी समाधानी होतो. मिस्त्रींनी बाजूवरचे चार आकडे दाखवले, ज्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, आणि या टायरांवर माल भरायचा नाही असे स्पष्ट बजावले.

चालू करण्याच्या दिवशी ऑइल व फिल्टर नवे होते. हातपंप मारून फिल्टर आणि पंप येथील एअर काढली, मग डिझेल बंद करणारा स्टॉप ओढून धरून, ऑइलचा काटा वर येईपर्यंत थांबत थांबत सेल्फ मारला. त्यानंतर नोझलच्या पाइपांचे नट ढिले करून उरलेली एअर काढली. एक पोरगा हवेच्या तोंडाशी प्लायवूडचा तुकडा घेऊन उभा होता. इंजिन पळालेच, तर हवा बंद करून ते थांबवता यावे म्हणून. त्या प्लायवूडची गरज पडली नाही. इंजिन आधी तीन सिलेंडरवर, भरपूर पांढरा धूर सोडत लागले आणि साधारण मिनिटभरात सहावर आले.

मजुरी अठरा हजार रुपये झाली. पंप, बॅटरी आणि सुटे भाग वेगळे. पहिल्याने सांगितलेल्या रकमेच्या ही जवळपास तिप्पट आहे आणि मला ती जास्त वाटत नाही. तक्रारी दोन आहेत. बिल वहीच्या कागदावर मिळाले, त्यात कोणता भाग कोणत्या कंपनीचा हे लिहिलेले नाही. शिवाय क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असण्याची शक्यता कोणी आधी तपासली नाही. ती पहिल्यांदा गिअर टाकतानाच लक्षात आली, आणि त्यासाठी गाडी आणखी दोन दिवस अडकली, पण त्याची मजुरी त्यांनी घेतली नाही. आरटीओची कागदपत्रे हे गॅरेज करून देत नाही.

नव्या ऑइलवर पाचशे किलोमीटर झाल्यावर ते पुन्हा बदलायला मिस्त्रींनी सांगितले आहे. सध्या फ्लायव्हीलच्या बाजूने रात्रीतून रुपयाएवढा ऑइलचा डाग पडतो. सील अनेक वर्षे सुकले होते, ऑइल लागून फुगले तर गळती थांबेल, नाहीतर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणून गाडीखाली पुठ्ठा टाकून मी रोज सकाळी तो डाग मोजतो.