सेव्हियात तापास: काय खायचं, कुठे उभं राहायचं आणि काय सरळ सोडून द्यायचं

स्पेनला जाताय आणि तापास, म्हणजे ड्रिंकसोबत खायच्या छोट्या छोट्या प्लेटा, नक्की कुठे खायच्या असा प्रश्न असेल तर माझं उत्तर दक्षिणेतलं सेव्हिया (इंग्रजीत सेव्हिल), माद्रिद-बार्सिलोना त्यानंतर. आणि तिथे गेल्यावर टेबल शोधत फिरू नका, सरळ काउंटरला जाऊन उभे राहा. उगाच स्टाईल म्हणून नाही सांगत, खरंच फरक पडतो, कारण काउंटरवर आज काय ताजं आलंय ते समोर दिसतं, शेजारचा काय खातोय ते बघून नुसतं बोट दाखवलं तरी चालतं आणि एक-दोन छोट्या प्लेटा संपल्या की पुढच्या बारमध्ये जायला मोकळे. शिवाय बऱ्याच ठिकाणी छोटी तापा फक्त काउंटरलाच मिळते, टेबलावर बसलात की अर्धी नाहीतर पूर्ण प्लेट घ्यावी लागते. मेनूवर तापा, मेदिया रासिओन, रासिओन असे तीन रेट दिसतात ते हेच. आम्ही दोघं आणि सोबत सासूबाई, त्यांना अंडं चालतं पण मांस-मासे अजिबात नाही, त्यामुळे खालचं सगळं दोन्ही बाजूंनी तपासून झालेलं आहे.

सुरुवात एल रिन्कोन्सियोपासून करा. सांता कातालिना चर्चजवळचा हा बार १६७० सालचा, म्हणजे इकडे महाराजांचा राज्याभिषेक व्हायचा होता तेव्हा तिकडे हे लोक वाईन ओतत होते. छताला हॅम टांगलेले, भिंतींवर जुन्या टाइल्स, लाकडी फडताळात बाटल्या. टुरिस्ट भरपूर, आठनंतर पाय ठेवायला जागा नसते, तरी मी याला टुरिस्टांना गंडवणारं ठिकाण म्हणणार नाही कारण म्हातारी लोकल मंडळीसुद्धा एका कोपऱ्यात निवांत उभी असतात आणि खाणं खरंच चांगलं आहे. इथली गंमत म्हणजे हिशोब. तुम्ही काही मागवलं की काउंटरमागचे काका तुमच्या समोरच्या लाकडावरच खडूने आकडा लिहितात, पुढची प्लेट आली की खाली दुसरा आकडा, शेवटी रेघ मारून बेरीज आणि पैसे दिले की फडक्याने पुसून टाकायचं. सासूबाईंची अख्खी नोकरी बँकेत गेली, त्यांनी उलट्या बाजूने आकडे वाचून बेरीज तपासली, बरोबर निघाली, मग एकदम खूश.

इथे खायचं ते एस्पिनाकास कॉन गारबान्सोस. पालक आणि काबुली चणे, त्यात लसूण, जिरं, पाप्रिका (लाल मिरचीची सौम्य पूड), तळून वाटलेला पाव आणि किंचित व्हिनेगर. दिसायला अगदीच बिचारं, काळपट हिरवा गोळा आणि कडेला सुटलेलं तेल, पण पहिल्या घासाला जिरं लागतं आणि बरेच दिवस नुसता ब्रेड-चीज खाल्लेल्या माणसाला काय वाटत असेल ते सांगायला नको. तिखट मात्र नसतं, तिखटाची अपेक्षा ठेवून जाऊ नका. मासे खाणाऱ्यांनी सोबत पाविया दे बाकालाओ घ्या, खारवलेला कॉड भिजवून त्याचा खारटपणा काढतात आणि पिठात बुडवून तळतात, वरून कुरकुरीत आणि आत पाकळ्या सुटतील असा. गरम असतानाच खा, गार झाला की तेलकट लागतो.

दुसरा स्टॉप कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला, बोदेगा सांता क्रूस, लोक लास कोलुम्नास पण म्हणतात. इथेही खडूचाच हिशोब. गर्दी रस्त्यावर सांडलेली असते, आवाज प्रचंड, वेटर कुणाचं ऐकून घेतात आणि कुणाचं नाही ते देवाला माहीत, पण न लाजता घुसायचं आणि काउंटरवर कोपर टेकवायचं. इथली वांगी घ्याच, म्हणजे बेरेन्हेनास कॉन मिएल. वांग्याचे तळलेले काप आणि त्यावर उसाची काकवी, हो, आपली असते तशीच काळी दाट काकवी, तिकडे मालागा प्रांतातल्या फ्रिखिलियाना गावात अजून तिचा कारखाना आहे. वांगं आणि गोड हे ऐकून नवऱ्याने नाक मुरडलं होतं, प्लेट त्यानेच संपवली. मांस खाणाऱ्यांसाठी इथला मोंतादितो दे प्रिंगा, म्हणजे छोट्या पावात घालून शेकलेलं, रस्स्यात शिजून शिजून लगदा झालेलं मांस आणि चोरिसो नावाचं सॉसेज. चव जबरदस्त, पण त्यात पोर्कबरोबर बऱ्याचदा बीफ असतं, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. आणि गोव्याचं चोरिस खाऊन वाढलेल्यांनी स्पॅनिश चोरिसोकडून तशा आंबट-तिखट झटक्याची आशा ठेवू नये, हा पाप्रिकाचा मामला आहे.

मासळीत माझा नंबर एक कासोन एन आदोबो. हा छोटा शार्क, म्हणजे मालवणी माणसाच्या ओळखीतली मोरीच, व्हिनेगर, लसूण, जिरं, ओरेगानो आणि पाप्रिकात मुरवून तळलेली. काटा नाही, वास नाही, मुलंही खातील. दुसरं तोर्तियितास दे कामारोनेस, हे मूळ शेजारच्या कादिसकडचं, जवळ्याएवढी बारकी कोळंबी सालासकट पातळ पिठात घालून चमच्याने तेलात पसरतात. पिठात गव्हाबरोबर चण्याचं पीठ असतं, त्यामुळे बेसनाचा ओळखीचा वास येतो. चांगली असेल तर जाळीदार आणि कागदासारखी पातळ येते, जाड आणि मऊ आली तर समजा त्या बारमध्ये पुन्हा मागवायची नाही. गांबास आल आखियो, म्हणजे मातीच्या वाटीत उकळत्या तेलात लसूण आणि कोळंबी, ते सगळीकडे मिळतं आणि सहसा फसत नाही, फक्त उरलेलं तेल पावाने टिपून खा, ते टाकून येणं म्हणजे गुन्हा आहे.

हामोन म्हणजे हॅमबद्दल थोडक्यात. इबेरिको हॅमला रंगीत टॅग असतो, काळा म्हणजे शंभर टक्के इबेरिको जातीचं आणि ओकची फळं खाऊन वाढलेलं डुक्कर, मग लाल, हिरवा आणि पांढरा असा उतरता क्रम. काळ्या टॅगची एक छोटी प्लेट तिघांत घ्या, पातळ कापलेलं आणि रूम टेंपरेचरला असलं की चरबी जिभेवर विरघळते. महाग आहे, पण स्वस्तातलं तीन वेळा खाण्यापेक्षा हे एकदा खा.

आता शाकाहारी मंडळी, नीट वाचा. तिथे मांस नको म्हटलं की लोक हॅम आणि ट्यूना त्यात धरतीलच असं नाही. सालमोरेहो हे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह ऑइलचं घट्ट गार सूप, मूळ कोर्दोबाचं, उन्हाळ्यात अमृत, पण वर उकडलेलं अंडं आणि हॅमचे तुकडे भुरभुरवतात. साध्या सॅलडवर ट्यूना पडतो, पापास आलिन्यास म्हणजे ऑलिव्ह ऑइल आणि व्हिनेगर घातलेल्या गार बटाट्यांवरही पडू शकतो, आणि क्रोकेतास, म्हणजे तळलेले छोटे रोल, नव्वद टक्के वेळा हॅमचेच निघतात. म्हणून ऑर्डर देतानाच "सिन हामोन, सिन आतून" म्हणायचं, म्हणजे हॅम नको, ट्यूना नको. सासूबाईंनी हे दुसऱ्या दिवशी पाठ केलं आणि आमच्यापेक्षा ठसक्यात म्हणायच्या. बटाट्याचं जाड ऑम्लेट म्हणजे तोर्तिया, पाद्रोन नावाच्या छोट्या हिरव्या मिरच्या, मांचेगो चीज, ऑलिव्ह, एवढ्यावर पोट आरामात भरतं. कडक पाळणाऱ्यांनी एक विचारून घ्या, तळणाची कढई माशाची आणि वांग्याची बहुधा एकच असते.

काय सोडायचं? कॅथेड्रलसमोर फोटोंचे मेनू लावून बाहेर उभं राहून बोलावतात ती हॉटेलं. अशाच एका ठिकाणी आमच्याकडून न मागवलेल्या पावाचे आणि ऑलिव्हचे पैसे घेतले, आणि पाएया, म्हणजे तिकडचा भाताचा पदार्थ, बहुतेक मायक्रोवेव्हमधून आलेला होता. पाएया मुळात व्हॅलेन्सियाचा आणि दुपारच्या जेवणाचा, तो सेव्हियात रात्री खायचा हट्ट कशाला. फळं घातलेल्या वाईनचं, म्हणजे सांग्रियाचंही तेच, लोकल लोक तिंतो दे वेरानो पितात, रेड वाईन, लेमन सोडा आणि बर्फ, हलकं आणि स्वस्त. पावासोबत पिकोस नावाच्या कुरकुरीत काड्या येतात त्याचा थोडा चार्ज चांगल्या बारमध्येही लावतात, त्यावर वाद घालू नका, तिथली पद्धतच आहे.

वेळेचं गणित मात्र आपल्याला जड जातं. किचन दुपारी साधारण चार-साडेचारला बंद आणि रात्री आठ-साडेआठनंतर चालू, संध्याकाळी सहाला भूक लागली तर कॉफी आणि टोस्टवर भागवायचं. सासूबाईंची साडेसातची जेवणाची सवय, म्हणून आम्ही बॅगेत खाकरे ठेवायचो, तुम्हीही ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान चाळिशीच्या वर जातं आणि बरेच बार सुट्टीवर असतात, त्यामुळे एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरा. मे-जूनमध्ये गेलात तर दारांवर गोगलगायी आल्याच्या पाट्या दिसतील, काराकोलेस, मसाल्याच्या रस्स्यात शिजवलेल्या आणि शंखातून ओढून खायच्या. मी एक खाल्ली, रस्सा मस्त होता, नवऱ्याने मात्र दुसरी वाटी मागवली.

खर्च म्हणाल तर एक तापा साधारण ३ ते ५ युरो, हॅम आणि कोळंबी जास्त. दोन-तीन बार फिरून, ड्रिंक धरून, माणशी २० युरोच्या आसपास पोटभर होतं. टिपची सक्ती नाही, सुटे राहिले तर ठेवायचे. रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच छोटी ठिकाणं बंद असतात, तेव्हा निघण्याआधी मॅपवर बघून घ्या.