सिनेमाला जाण्याआधी: वाचायची समीक्षा की ऐकायचा रिव्ह्यू?

खानापूरहून घरच्यांना घेऊन बेळगावात सिनेमाला यायचं म्हणजे अख्खा रविवार जातो. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे बायकांचं बसभाडं वाचतं, पण मल्टिप्लेक्सची तिकिटं आणि मुलांचं खाणं काही सुटत नाही. त्यामुळे निघण्याआधी जाणत्याचं मत घ्यावंसं वाटतं. ते पेपरातून घ्यावं की यूट्यूबवरून, हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. मी दोन्ही वापरतो.

यूट्यूबवाल्यांची बाजू आधी मांडतो, कारण आपल्या भागात ती खरंच भक्कम आहे. मराठी सिनेमा इथे बऱ्याचदा एकाच खेळावर लागतो, तोही आडवेळेला, आणि चांगला म्हणून कानावर येईपर्यंत उतरलेला असतो. रविवारची पुरवणी येईपर्यंत थांबलं, तर सिनेमा हुकू शकतो. यूट्यूबवर शुक्रवारी दुपारीच मत तयार असतं. कन्नड सिनेमांचे रिव्ह्यूही तिथे ढिगाने मिळतात.

समीक्षकाला पूर्वी एवढी घाई नव्हती. बाबूराव पटेलांनी १९३५ साली ‘फिल्मइंडिया’ हे सिनेमाचं मासिक सुरू केलं, तेव्हा चाललेला सिनेमा आठवडेच्या आठवडे पडद्यावर असायचा. २५ आठवडे झाले की रौप्यमहोत्सव. उशिरा छापून आलेल्या शब्दालाही वजन असायचं. आता पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यावर पुढचे खेळ ठरतात. म्हणून तर २०२४ मध्ये तमिळ निर्मात्यांच्या संघटनेने पहिले तीन दिवस ऑनलाइन रिव्ह्यू बंद ठेवा म्हणून मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने तशी अंतरिम बंदी घातली नाही, आणि ते बरंच झालं.

माझं मन मात्र एका गोष्टीने फिरलं. मी दुकानात काम करता करता फोन बाजूला ठेवून रिव्ह्यू ऐकतो. ‘कथा सांगणार नाही’ असं बजावून बोलणारा सुरुवात करतो आणि थोड्या वेळाने, बोलण्याच्या भरात, ‘मध्यंतरानंतर जेव्हा कळतं की मोठा भाऊच...’ असं म्हणून जातो. हातातलं टाकून फोनपर्यंत पोचेतो वाक्य पुरं झालेलं असतं. डोळ्याला परिच्छेद ओलांडता येतो, कानाला येत नाही. छापील समीक्षेत पात्रांची नावं आणि ‘उत्तरार्धात’ असा शब्द दिसला की मी थेट शेवटच्या परिच्छेदावर उतरतो. इथे तर पुण्या-मुंबईत लागलेला सिनेमा कधीकधी आठवडाभराने येतो. तोवर एवढं सगळं ऐकून झाल्यावर थिएटरात उरतं काय?

शिवाय सिनेमा बघून आल्यावर मला समीक्षा पुन्हा वाचायची असते. समीक्षक छायाचित्रणाबद्दल असं का म्हणाला, ते नेमकं वाक्य समोर हवं असतं. व्हिडिओत ते शोधायला बोटाने मागेपुढे ओढत बसावं लागतं.

काही जण दोन्ही सोडून नुसता आकडा बघतात. रॉटन टोमॅटोज या समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर ६० टक्के किंवा अधिक समीक्षकांचा कौल अनुकूल असला की सिनेमा ‘फ्रेश’ ठरतो. पण तो आकडा किती जणांना आवडला एवढंच सांगतो, किती आवडला ते नाही. सगळ्यांनी ‘ठीक आहे’ म्हटलं तरी शंभर टक्के होऊ शकतात. आकड्यावर मी तरी रविवार घालवणार नाही.

हॉरर असेल, किंवा मुलांना चालेल का एवढंच बघायचं असेल, तर यूट्यूब पुरेसं आहे. काहींना बोलणाऱ्याचा चेहरा बघूनच विश्वास वाटतो, तेही समजू शकतो. कथेवर उभा असलेला मराठी सिनेमा असेल, तर माझा कल वाचण्याकडे. बऱ्याच वृत्तपत्रांच्या समीक्षा आता शुक्रवारी-शनिवारीच त्यांच्या संकेतस्थळावर येतात, तेव्हा पुरवणीची वाट बघायचीही गरज नाही. आधी पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचा, मधलं घरी परतल्यावर. यूट्यूबवरचा रिव्ह्यू परतीच्या बसमध्ये सगळ्यांनी मिळून ऐकायला चांगला.