किवी की पेरू? आधी सांगा, खाणार कोण

पावसाळा सरत आला की लातूरच्या गंजगोलाईत किवीच्या डब्यांभोवती गर्दी वाढते. चवीसाठी नाही. घरात कुणाला तरी डेंगी झालेला असतो, ‘पेशी’ उतरलेल्या असतात आणि भेटायला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी किवी सुचवलेली असते. तीन किवींचा डबा शंभर-सव्वाशेला. शेजारच्या गाड्यावर तेवढ्याच पैशात दीड किलो पेरू.

पेशींचं आधी उरकून टाकते. किवीने प्लेटलेट वाढतात हे सिद्ध झालेलं नाही. ताप उतरल्यावर दोन-चार दिवसांत बहुतेकांच्या त्या आपोआप चढायला लागतात. नेमकी तेव्हाच किवी सुरू असते, म्हणून नाव तिचं होतं. आजारी माणसाच्या पोटात पाणी, पेज, ताक जातंय का ते बघा आणि डॉक्टरांना विचारत राहा.

आता क जीवनसत्त्व. शंभर ग्रॅम हिरव्या किवीत ते साधारण ९० मिलिग्रॅम असतं, सोनेरीत दीडशेच्या पुढे. पेरूत दोनशेच्या वर. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण या हिशेबात ती पन्नासच्या आसपासच राहते. तंतूही पेरूतच जास्त. म्हणजे घरात चार दात धड असलेली माणसं आणि शाळेत जाणारी पोरं असतील, तर मी डोळे झाकून पेरू घेईन. तिखट-मीठ लावून खाल्लेल्या फोडीची सर किवीला नाही, हे माझं मत.

पण आमच्या घरी अण्णा आहेत, त्यांना कवळी आहे. पेरूची एक बी कवळीखाली अडकली की त्यांचं अर्धं जेवण ताटात राहतं. किवी मात्र आडवी कापली, चमच्याने कोरली की काम झालं. तिच्या काळ्या बिया दाताला जाणवतही नाहीत. शिवाय पोट साफ होण्यासाठी रोज दोन हिरव्या किवींचा उपयोग होतो, हे अभ्यासांतून दिसलंय. म्हाताऱ्या माणसासाठी ती महाग असूनही मला पटते. सोनेरी जास्त गोड आणि कमी आंबट, सालही जवळजवळ गुळगुळीत. पण भाव आणखी चढा. आंबट चालत नसेल तरच त्या वाटेला जा.

निवडताना आकाराकडे बघू नका. हातात धरून देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबा. किंचित दबली तर त्याच दिवशी खाण्याजोगी, दगडासारखी लागली तर चार-पाच दिवसांची. सुरकुतलेली, ओला डाग पडलेली किंवा आंबूस वास येणारी नको. फळवाले मामा ‘दाबू नका ओ ताई’ म्हणतातच, तेव्हा डबा उलटा करून खालची बाजू तरी बघून घ्या. आमच्या डब्यात वरच्या दोन टणक आणि खालची एक पार लगदा, असं एकदा झालंय.

साठवणीत मात्र किवी पेरूला हरवते. कडक किवी फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे सहज टिकते. पेरू आमच्या उन्हात दोन दिवसांत पिवळा होतो, आणि फ्रिजात ठेवला तर दुधालाही त्याचा वास लागतो. किवी लवकर पिकवायची असेल तर आजीची सीताफळाची युक्ती वापरा: ज्वारीच्या डब्यात पुरा, सोबत एक पिकलं केळं टाका. केळ्यातून निघणारा इथिलीन वायू डब्यात कोंडतो आणि दोन-तीन दिवसांत किवी नरम पडते. तशी झाली की लगेच बाहेर काढा. नंतर फ्रिजात हप्ताभर.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. केळ्याच्या शिकरणात सकाळी किवी चिरून घातली. दुपारी झाकण काढलं तर दूध फाटल्यासारखं दाणेदार, आणि चव कडू. अण्णांनी एक घास खाऊन वाटी सरकवली. किवीत अ‍ॅक्टिनिडिन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं फोडतं. दुधा-दह्यात घालायचीच असेल तर ताटात वाढताना घाला आणि लगेच खा. पेरूचं असं काही नाही, त्याची दह्यातली कोशिंबीर थोडा वेळ ठेवली तरी बिघडत नाही.

किवी खाल्ल्यावर जीभ किंवा घसा खाजत असेल, रबरी हातमोज्यांची अ‍ॅलर्जी असेल, तर किवीपासून लांबच राहा. आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या माणसासाठी डबा घेत असाल तर थांबा: पोटॅशियम दोन्हींत आहे, पेरूत उलट जरा जास्तच. तिथे किवी की पेरू हे डॉक्टरांनाच विचारा.